कळकलेला डोंगर

काका, तुझा राब मी भाजला. हे आधी सांगतो, कारण तुला त्याचाच घोर लागला असणार. बाकीचं, म्हणजे दिवसांना कोण आलं, कोण रडलं, कोण नुसतंच जेवून गेलं, ते काकीनं तुला सांगितलंच असेल. ती अजून ताट वाढताना तुझ्याशी बोलते.

मी परत कॅम्पावर आलोय. आज इतवार, भोक पाडायची रिग बंद आहे. दगडाच्या पेट्यांच्या शेडमध्ये बसून लिहितोय. इथं मध्य प्रदेशातल्या जंगलात आम्ही डोंगराला भोक पाडतो आणि त्याच्या पोटातून काकडीसारखे गोल, लांब दगड काढून पेटीत ओळीनं लावतो. त्याला कोअर म्हणतात, हे तुला माहीत आहे. तू त्याला ‘डोंगराची हाडं’ म्हणायचास. माझं लिहिणं आठवीतच सुटलं, तेव्हा वाकडंतिकडं झालं तर समजून घे. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तुला चालेल. दुसरं कुणी वाचलं तर त्यानंही चालवून घ्यावं.

तू गेल्याचं मला ह्याच शेडमध्ये कळलं. त्या दिवशी सकाळी कोअरमध्ये हिरवी रेघ आली होती. तांब्याची. सगळे खुशीत. आमचा उस्ताद, म्हणजे रिग चालवणारा राजस्थानी बाप्या, मला म्हणाला, “ए महाराष्ट्र, तेरा हाथ शुभ है, आज जलेबी तू खिला.” मी पाण्यानं दगड धुतला, हिरवं चमकलं, आणि खिशात फोन वाजला. काकीचा नुसता श्वास ऐकू आला. मी म्हटलं, “काका?” तर ती म्हणाली, “ये.”

मी पोचेपर्यंत तुझी राख झाली होती. गाडी, मग इगतपुरीहून जीप, मग खोडाळ्यात थांबलेली एस.टी. त्या एस.टी.च्या खिडकीतून मला आपला डोंगर दिसला. वर तो पट्टा तसाच होता, बोडका. मला वाटलं, तो माझ्याकडं बघतोय. तुला सांगितलं असतं तर म्हणाला असतास, “बगू दे की. तुझ्याच घरचा हाय.”

राब आपल्याकडं सगळेच भाजतात. शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या तोडलेल्या फांद्यांचा टाहळ, त्यावर पाला, गवत, आणि वरून मातीचा हात. वैशाखात पेटवलं की जमीन भाजते, तण मरतं, आणि नागलीचं रोप जोमानं येतं. पण आपल्या उतारावरच्या वरकस शेताच्या वरच्या तुकड्यातला राब हा नुसता राब नव्हता. बोडक्या पट्ट्यातली माती ओहोळानं वाहून त्या तुकड्यात येते आणि तीच माती राबावर पडते. दिवस कलला की तू जाळ लावायचास. तो नीट धरला की कमरेच्या फडक्यातून मूठभर खडं मीठ काढून त्यात भिरकावायचास. मग जाळ हिरवा व्हायचा. कडेकडेनं आधी, मग मधूनच जीभ काढावी तसा. कच्च्या पोपटी रंगाचा, त्याला आत निळी झाक.

आणि हिरवा आहे तोवर कुणी बोलायचं नाही. खोकला आला तर तोंडात पदर. लाल झाला की मग बोला. कारण हिरवा जाळ आपल्यासाठी नसतो. तेव्हा आपल्या घरातली गेलेली माणसं शेकायला आलेली असतात, आणि त्यांना आपला आवाज ऐकू आला तर त्यांना परत जाववत नाही.

मला तू पहिल्यांदा तिथं नेलंस ते माझा बा गेला त्या वर्षी. मी किती लहान होतो हे मला आठवत नाही, पण तुझ्या मांडीला टेकून बसलेलो आठवतं. तू मीठ टाकलंस. हिरवं उठलं. आणि तू उजवीकडं बघितलंस, आणि बसल्या जागी हळूच सरकलास. एका माणसाची जागा होईल इतका. मला पण तुझ्याबरोबर ओढून घेतलंस.

जाळ लाल झाल्यावर मी विचारलं, “काका, सरकलास कशाला?”

“जागा नको का द्यायला?”

“कुणाला?”

“तुझ्या बाला. पावसात गेलाय तो, गारठला असंल.”

मी त्या जागेवर हात लावून बघितला. गवत गरम होतं. जाळाशेजारची जागा गरमच असणार, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. पण आता कळून काही बदललं, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तुला भीती वाटायची का रे? हे मी कधीच विचारलं नाही. मला वाटायची. पाड्यामागं चढू लागलं की आधी साग, मग ऐन, मग कारवी, आणि मग एकाएकी तो पट्टा, जिथली झाडं माझ्या खांद्याला लागत नाहीत. जुनी आहेत म्हणतात, पण वाढतच नाहीत. गुरं तिथं तोंड घालतात, बसत मात्र नाहीत. भर दुपारी दगड गार. आणि पट्ट्याच्या मुळाशी, काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये ती लाल मातीची पट्टी, आणि तिच्यात ती भेग, काठाला हिरवा थर चढलेली. भेगेला कान लावला की आत कुणी घोट घेतल्यासारखा आवाज यायचा. घोट, मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा घोट. तू म्हणायचास, “डोंगर कळकलाय. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की कसा कळकतं, तसा. वरचा ठिबकतं ते पिऊ नको, खालचा झरा गोड हाय, तो पी.”

बघ, तांबं हा शब्द तूच आधी काढला होतास. मला तो पुढं दुसऱ्या माणसानं शिकवावा लागला.

आश्रमशाळेतून मी पळून आलो तेव्हा सगळ्या पाड्यानं मला शिव्या दिल्या. तू दिल्या नाहीस. तू मला नुसतं विचारलंस, “भूक लागली?” त्या उन्हाळ्यात खोडाळ्यात बोअरवेलची गाडी आली होती, ती बघायला मी रोज जायचो. जमिनीतून धूळ उडते, मग चिखल, मग पाणी, हे मला बघत राहावंसं वाटायचं. गाडीवाले पुढं जाताना मला घ्यायला तयार झाले. काकी रडली. तू माझ्यासोबत बाजारापर्यंत आलास, मला भजी घेऊन दिलीस, आणि गाडी सुटताना म्हणालास, “जिथं भोक पाडशील तिथं आधी हात जोड. कुणाच्या तरी डोक्यावर पाडतोस ते.”

मी अजून जोडतो. उस्ताद माझी टर उडवतो: “भगवान को मिस कॉल दे दिया? अब चालू करें?” पण मी हात जोडेपर्यंत तो इंजिन सुरू करत नाही. माझ्या हातून आजवर कुणाचं बोट तुटलं नाही, कुणाचा पाय अडकला नाही. मी घाबरट आहे, कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघतो. पण मी जो काही उभा आहे तो त्या भज्यांवर आणि त्या एका वाक्यावर उभा आहे. हे तुला सांगायला हवं होतं. फोनवर असलं बोलता येत नाही. फोनवर आपण पाऊस किती आणि भात किती एवढंच बोलतो.

आता मॅडमचं. तुला त्या आवडल्या नाहीत, न बघताच. नागपूरच्या आहेत, दगडांचं शिकलेल्या. कॅम्पावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून त्या मला जवळच्या वाटतात. मला रिगवरून काढून ह्या शेडमध्ये त्यांनीच आणलं, सावलीत. एकदा मी त्यांना सहज बोलून गेलो, की आमच्याकडं राबाचा जाळ हिरवा होतो. त्यांनी हातातलं काम थांबवलं. मेसमध्ये नेलं, गॅस पेटवला, इथल्या हिरव्या दगडाची पूड जुन्या पळीवर घेऊन जाळात धरली. काही विशेष झालं नाही. मग म्हणाल्या, “तुम्ही त्यात काही टाकता का?” मी म्हटलं, मीठ. त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं आणि काका, तोच जाळ. तोच. आचारी मागं सरकला. मी इकडंतिकडं बघितलं, कुणासाठी जागा करायची ते मला कळेना.

मॅडमनी मला समजावलं. आपला सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थरावर थर ओतून निवलेला लाव्हा. दोन थरांमध्ये कधी लाल मातीचा पापुद्रा. लाव्हा निवताना त्यात बुडबुडे अडकले, त्यांची भोकं राहिली. मग फार काळानं खालून गरम पाणी भेगांतून वर आलं, दगडातलं कणभर तांबं विरघळवून घेऊन, आणि ते त्या भोकांत आणि लाल पापुद्र्यात ठेवून गेलं. त्याला पाऊस आणि हवा लागली की हिरवं होतं. मातीत तांबं जास्त झालं की झाडं खुरटतात. मिठानं जाळ रंगतो. भेगेत ठिबकतं ते पाणीच, घोट कुणी घेत नाही.

“किती असेल मॅडम?”

“आपल्या काळ्या दगडात सापडलं तरी बहुतेक थोडंच सापडतं. पण बघितल्याशिवाय कसं सांगणार?”

बघणं म्हणजे भोक पाडणं, हे मला सांगावं लागत नाही. मग त्या म्हणाल्या, की जागा सांग. नवी जागा दाखवली तर आधी तिथं छोटा कॅम्प पडेल, आणि ती जागा ज्यानं दाखवली त्याला तिथंच कायमचं काम. तुझ्या घराजवळ, सुरेश. रोज संध्याकाळी घरी जेवायला जाशील.

मला त्या रात्रीपासून नीट झोप नाही. तुझं घर, काकीची भाकरी, ओट्यावर तुझी जागा. किती वर्षं मी पत्र्याखाली झोपतोय. मला घरी यायचं होतं, काका. त्यात लबाडी काही नव्हती.

दिवाळीत आलो तेव्हा आपण दोघं वर चढलो. मी तुला सगळं सांगितलं, थर, बुडबुडे, गरम पाणी. कातळातलं एक फुटकं भोक दाखवलं, आत पांढऱ्या सुया आणि त्यांच्यामध्ये नखाएवढा तांब्याचा पातळ पत्रा, लाल, जसा काल कुणी ठोकून बसवला. तू डोकं आत घालून बघितलंस आणि म्हणालास, “म्हंजे डोंगराला घाम आला व्हता.”

“हो. तसंच.”

“मंग पुस. भोक कशाला पाडतोस?”

मी हसलो, तूही हसलास. मग मी तुला दुसरी गोष्ट सांगितली. वाटलं, ही ऐकून तू मऊ पडशील. मी म्हटलं, “आणि तो जाळ मिठाचा आहे काका. तांबं आणि मीठ. मीठ नाही टाकलंस तर हिरवा होणारच नाही. कुणी येणार नाही शेकायला. बघ करून.”

तू भेगेकडं बघितलंस.

“मंग बरंच हाय की,” म्हणालास. “मीठ टाकला का येतात. बोलावणा कळलं आपल्याला.”

“अरे, कुणी येत नाही!”

“माझ्यामागं तू टाकशील ना?”

“मी कशाला टाकू? मला माहितेय ना ते काय आहे.”

तू खाली उतरताना झऱ्यावर थांबलास, पहिली ओंजळ नेहमीसारखी सोडून दिलीस, दुसरी प्यालास. वैशाखात विहिरी आटल्या की आपला पाडा आणि खालचे पाडे ह्याच झऱ्यावर येतात. तू हात पुसून विचारलंस, “तुमच्या भोकात पाणी जातं का रं?”

मी खोटं बोललो नाही. मी सांगितलं, की भोक पाडताना आम्ही वरून पाणी सोडतो आणि ते परत वर यावं लागतं. कधी कधी खाली भेग लागली की ते परत येतच नाही. उस्ताद म्हणतो, पानी भाग गया. कुठं गेलं ते कुणाला कळत नाही. कॅम्पाच्या मागच्या वाडीत एक कुंड होतं, आम्ही वरच्या टेकाडावर रिग लावली आणि त्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं. आमच्यामुळंच, असं कुणी म्हणू शकत नाही. आमच्यामुळं नाही, असंही कुणी म्हणू शकत नाही. त्या वाडीतल्या बायका आता आमच्या टँकरकडं येतात, आणि पाणी भरताना एक शब्द बोलत नाहीत. नुसत्या बघतात. मला ते बघणं सोसत नाही.

“तुला घरी आणायचा म्हणून डोंगर फोडू?” तू म्हणालास. “मला तू घरी पायजेस. पण असा नको.”

ते भांडण तिथंच राहिलं. शिमग्यानंतर फोनवर पुन्हा निघालं. मी म्हटलं, मॅडम विचारतायत, पावसाआधी इथलं काम संपतंय, मला काहीतरी ठरवावं लागेल. तू म्हणालास, “मी हाय तवर नाय.” मला राग आला. मी म्हटलं, “आणि नंतर?”

“नंतर तू हायस,” तू म्हणालास, आणि नेटवर्क गेलं.

ह्या तीन शब्दांचं काय करायचं, सांग. नंतर तू मोकळा आहेस, असं म्हणालास? का नंतर तुझ्यावर आहे, असं? मी परत फोन लावला नाही. उद्या लावू म्हटलं. तू तेव्हा खोकत होतास, ते मला ऐकू आलं होतं. मी धुराचं समजलो.

दिवस झाल्यावर काकी म्हणाली, वरचा राब तसाच पडलाय, तूच भाज. तू फाल्गुनातच रचून ठेवला होतास. मी तिन्हीसांजेला वर गेलो. काकी बांधावर उभी राहिली, पाण्याची कळशी आणि जाळ पसरला तर झोडपायला हिरवी फांदी घेऊन. मी राबाकडं बघितलं आणि मला कोअरच्या पेटीसारखंच वाचता आलं. खाली शेण, मग ऐन, मग पाला, मग गवत, वर तांबूस माती. प्रत्येक थरावर तुझा हात. एके ठिकाणी टाहळ विरळ होता, तिथं तू दमला असशील.

काकीनं निघताना माझ्या मुठीत मीठ दिलं होतं. टाकायचं की नाही, हे माझं ठरलं नव्हतं. खरं सांगतो. आपल्या पाड्यात फोनला रेंज नाही, पण त्या वरच्या तुकड्यात येते, हे तुला ठाऊक आहे. माझ्या मनात होतं, की राब होऊ दे, मग इथूनच मॅडमना फोन लावू. काय सांगायचं ते मात्र जाळ बघून ठरवू. मीठ टाकलंच नाही तर जाळ लालच राहील, म्हणजे मग तो फक्त दगड. मग दगडाची जागा सांगायला काय हरकत?

वारा पडला होता. मी जाळ लावला. धूर झाला, मग गवत पेटलं, मग पाला. लाल, पिवळा. साधा जाळ. मी मूठ घट्ट धरून बसलो. कारवीत कुठंही हालचाल नाही, एरवी त्या वेळी पाखरं असतात.

मग खालून आला. दर वर्षी तू मीठ टाकायचास तिथंच वरच्या वर रंग उठायचा. ह्या वेळी तो आतून आला, ऐनाच्या फांद्यांच्या मधून, राबाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिरवा. मी मीठ टाकलेलं नव्हतं. माझी मूठ बंद होती, मी ती बघितली, बंदच होती. मला जे जे शिकवलं होतं ते मी मनात म्हणत राहिलो, तांबं, मीठ, तांबं, मीठ, पण मीठ माझ्या हातात होतं.

आणि फोन वाजला. खिशात, मांडीवर थरथरत. न काढताच मला कळलं कुणाचा ते. तरी काढला. मॅडमचं नाव. त्यांनी मला सांगितलं होतं, की महिना संपायच्या आत त्यांना वर कळवावं लागेल. वाजून बंद झाला. परत वाजला. काकी बांधावरून माझ्याकडं बघत होती, तोंडाला पदर लावून. मी बोललो नाही. मला बोलताच येत नव्हतं, जाळ हिरवा होता. फोनचा उजेड तेवढा माझ्या हातावर पडला होता आणि त्यात माझा हात कुणा दुसऱ्याचा दिसत होता, तुझ्यासारखा. तिसऱ्यांदा वाजला नाही.

किती वेळ तो हिरवा होता, मला सांगता येत नाही. ह्याआधी इतका कधीच नव्हता. लाल झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी जिथं बसलो होतो तिथं नाही. डावीकडं आहे. एका माणसाची जागा सोडून.

उतरताना काकीनं विचारलं, “कुणाचा होता?”

“मॅडमचा.”

“काय म्हणाल्या?”

“मी बोललोच नाही.”

ती थांबली आणि माझी मूठ उघडली. मीठ घामानं विरघळून हाताला चिकटलं होतं. “तू टाकला नाहीस?”

“नाही.”

“मंग हिरवा कसा झाला?”

काकी थोडं चालली आणि मग स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, “म्हणून डबा रिकामा झाला.” मग सगळं सांगितलं. तू राब रचत होतास, दर टाहळागणिक खोकत होतास. मोखाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं नाशिकला जा म्हणून सांगितलं होतं, आणि तू राब झाल्यावर जाऊ म्हणालास. मला कळवू नको म्हणालास, तो धास्तावतो. त्याच आठवड्यात मिठाचा डबा रिकामा झाला. तिनं विचारलं तर तू म्हणालास, गायीला घातलं.

“मी म्हटला, कुठली गाय?” काकी म्हणाली. “आपली गाय तर माझ्या साखरशेतच्या भावाकडं हाय! तर हसला नुसता. तुला माहितेय ना कसा हसायचा, दात दाखवत नाय.”

आम्ही दोघं वाटेत बसलो. ती हसली आणि मग रडली. मी आधी रडलो.

म्हणजे तू ऐकलं होतंस माझं. थर, बुडबुडे, गरम पाणी सगळं. तांबं आणि मीठ. मी म्हटलं होतं, मी टाकणार नाही. तू वाद घातला नाहीस, वरून मीठ टाकणारा माणूस राहणार नाही हे ओळखून थरात घालून ठेवलंस. स्वतःच्या शेकण्याची सोय करून गेलास, माझ्याच शिकवणीवर. ह्यात भुताटकी काही नाही. तांबं डोंगराचं, मीठ तुझं, जाळ मी लावला. सगळ्याला कारण आहे. फक्त मी सरकलो कधी आणि कुणासाठी, त्याचं कारण मी मॅडमना विचारू शकत नाही.

परवा आल्याआल्या मॅडमनी विचारलं. आधी तुझं विचारलं, खुर्ची दिली, मग हळूच, “तुमच्या त्या जागेचं?”

मी म्हटलं, “तिथं नुसता काळा दगड आहे, मॅडम.”

“आणि हिरवा जाळ?”

“तो मिठानं होतो.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “नुसत्या मिठानं पिवळा होतो, सुरेश.”

मी मान खाली घातली. वाटलं, आता ओरडतील. पण त्या म्हणाल्या, “जा, चहा सांग दोघांना.” पुन्हा विषय काढला नाही. बाई चांगली आहे, काका. तू भेटायला हवा होतास.

रिग पावसाआधी ओडिशाला जाणार, आणि मीही. घरापासून आणखी लांब. उस्ताद म्हणतो तिथं भात चांगला मिळतो. मी अजून घाबरतो, कुलूप ओढून बघतो, आणि ह्या पेट्यांमधून कधी ठिबकल्याचा आवाज आला की माझे कान टवकारतात. पण झरा तिथंच आहे आणि जागा कुणाच्या कागदावर नाही. ‘नंतर तू हायस’ म्हणाला होतास ना. आहे मी.

पुढच्या फाल्गुनात रजा घेऊन येईन आणि राब मीच रचीन. टाहळ विरळ पडू देणार नाही. मीठ रचतानाच घालीन, वरूनही टाकीन. काकीला सांगितलंय, दोन डबे आण. तू ये, बाला पण आण. मी डावीकडंच बसेन.